जुन्या गाडीला भंगार म्हणण्याआधी तिचा पत्रा बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मागच्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं होतं, सोसायट्यांच्या आवारात आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या जुन्या गाड्या सरसकट उचलून भंगारात द्या असं. त्यातलं अर्धं मला पटलं. ज्या गाड्यांच्या काचा फुटल्यात, टायर जमिनीला टेकलेत, मालकाचा पत्ता नाही, डासांची पैदास होतेय, त्या उचलल्याच पाहिजेत, त्यात वादच नाही. पण पुढं असंही लिहिलं होतं की १५ वर्षांच्या वरची साधी गाडी जपण्यात काय अर्थ आहे, ती काय व्हिंटेज आहे का. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितोय. जरा मोठं होईल, जमेल तेवढं छापा.

माझ्याकडे प्रीमियर ११८ एनई आहे आणि गेल्या हिवाळ्यात मी ती घरच्या घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या हातानं पूर्ण रंगवली. व्हिंटेज ती नाहीच. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये जे नियम केले त्यात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीलाच व्हिंटेज म्हणतात, तिला व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, १० वर्षांचं रजिस्ट्रेशन मिळतं. आमची ११८ एनई बाजारातच आली १९८५ ला, म्हणजे पहिली गाडीसुद्धा २०३५ च्या आधी त्यात बसणार नाही. तोपर्यंत ती जुनी, एवढंच. १५ वर्षं झाली की दर ५ वर्षांनी आरटीओत पासिंग, ग्रीन टॅक्स, रिन्यूअलची फी. ही फी एप्रिल २०२२ पासून कारला ५००० झाली आणि २० वर्षांच्या वरच्या कारला तर २०२५ मध्ये १०,००० केली. हे सगळं आम्ही भरतो. १५ ते ५० या मधल्या ३५ वर्षांत गाडीला कुणीच वाली नसतो, ना नव्याचं कौतुक ना जुन्याचा मान, आणि या ३५ वर्षांत ती टिकली तरच पुढं व्हिंटेज होणार ना? आज रॅलीत ज्या गाड्या बघायला आपण मुलांना घेऊन जातो त्या पण कधीतरी या मधल्या काळातून गेल्यात, कुणीतरी शेडमध्ये ठेवून, पदरचे पैसे घालून, लोकांचं ऐकून घेऊन त्या सांभाळल्यात.

बऱ्याच वाचकांना ही गाडी आठवणार नाही म्हणून थोडं सांगतो. प्रीमियर म्हटलं की सगळ्यांना पद्मिनी आठवते, काळी-पिवळी आठवते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत रजिस्टर झाली होती, २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती बंद झाली, तेव्हा सगळ्या पेपरांनी मोठमोठे फोटो छापले, लोक हळहळले, आणि ते बरोबरच झालं, त्या गाडीनं मुंबईला पोसलंय. पण त्याच कंपनीची ११८ एनई कधी रस्त्यावरून दिसेनाशी झाली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. चौकोनी गाडी, सगळ्या रेषा सरळ, डोळ्यात भरण्यासारखं काही नाही. पद्मिनीवर प्रेम करणारे तिला पद्मिनी मानत नाहीत आणि मारुती आल्यावर वाढलेल्या पिढीला ती जड आणि जुनाट वाटते. पोरं विचारतात, "काका ही कुठली गाडी?" नाव सांगितलं तरी त्यांना काही बोध होत नाही.

खरं तर तिचं घराणं मोठं आहे. मूळ गाडी इटलीची फियाट १२४, जिला १९६७ चा युरोपियन कार ऑफ द इयर मिळाला होता. तीच गाडी स्पेनमध्ये सिआटनं बनवली, तुर्कस्तानात मुरात म्हणून बनली, आणि रशियात तोल्याती शहरात मोठा कारखाना उभारून १९७० पासून लाडा म्हणून लाखोंनी बनवली. तिकडं बर्फात, कच्च्या रस्त्यात या गाड्या लोकांनी स्वतः खोलून, स्वतः वेल्डिंग करून, स्वतः रंगवून चालवल्या. आपल्याकडे प्रीमियरनं त्या बॉडीत निसानचं ११७१ सीसीचं इंजिन आणि निसानचाच गिअरबॉक्स बसवला, एनई म्हणजे निसान इंजिन. ही प्रीमियर कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली, कुर्ल्याला तिचा कारखाना, आणि नंतर आमच्या इथं कल्याण-डोंबिवलीकडे दुसरा, जिथं प्युजो ३०९ बनली. डोंबिवलीत आजही प्रीमियर ग्राउंड म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेतो, गाडी मात्र बघायला मिळत नाही. आपल्याच माणसांनी घडवलेली, ज्यांच्या पगारावर कुर्ला-कल्याण पट्ट्यातली कितीतरी घरं चालली त्या कामगारांच्या हातची गाडी आहे ही, तिचा मान आपण नाही ठेवायचा तर कुणी ठेवायचा?

माझी गाडी वडिलांनी सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकानं ती सिल्व्हर मारून घेतली होती, कारण त्या काळात सगळ्यांना सिल्व्हर पाहिजे होती. छतावरचा आणि बॉनेटवरचा तो रंग उन्हानं पार मेला होता, पापुद्रे निघत होते, आणि दारांच्या खालच्या कडेला गंज. दोन-तीन गॅरेजना दाखवली. एकानं सांगितलेला आकडा गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता, दुसरा म्हणाला कशाला खर्च करता साहेब, देऊन टाका, वजनावर जाईल. मला राग नाही आला, त्याचं गणित त्याच्या जागी बरोबर आहे, तासाचे पैसे लावले तर अशी गाडी कुणालाच परवडत नाही. म्हणूनच तर ती मालकानं स्वतः करायची गाडी आहे. आपल्या वेळेचं बिल आपण कुणाला लावत नाही.

आता सिल्व्हरच्या खाली काय होतं ते सांगतो. दाराचं रबर ओढलं तर आतल्या कडेला बिस्किटासारखा फिका रंग दिसला. डिकीच्या झाकणाच्या आत पण तोच. आरसी बुक काढून बघितलं तर कलरच्या रकान्यात बेज. म्हणजे आधीच्या मालकानं रंग बदलला आणि आरसीत नोंदच केली नाही. वाचकांना इथं सांगून ठेवतो, गाडीचा रंग बदलायचा असेल तर आरटीओत अर्ज करून आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर पासिंगला गाडी अडकते, पोलीस पण अडवू शकतात. मला बदलायचाच नव्हता. बेज आज कुणी घेत नाही, शोरूममध्ये विचारलं तर पांढरी, काळी, ग्रे, लाल दाखवतात. पण ही गाडी कारखान्यातून ज्या रंगात निघाली तोच रंग तिला परत द्यायचा हे तिथंच ठरलं.

रंग देणं हे यातलं शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम आहे हो. लोकांना वाटतं ब्रश घेतला की रंगवली. आधी बंपर, लायटी, हँडल, बीडिंग, रबरं सगळं काढायचं, प्रत्येक स्क्रू पिशवीत घालून पिशवीवर लिहायचं. मग धुवायची, सुकली की टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसायची कारण जुन्या पॉलिशचा जरा जरी अंश राहिला तरी वरचा रंग तिथं धरत नाही, गोल खळगे म्हणजे डोळे पडतात. मग थिनरचं फडकं एका लपलेल्या कोपऱ्यात घासून बघायचं, रंग फडक्यावर आला तर खालचा रंग एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, जुन्या लोकांच्या भाषेत ड्युको, नाही आला तर इनॅमल नाहीतर पीयू म्हणजे हार्डनर घालून मारतात तो पॉलियुरेथेन. हे बघावंच लागतं कारण इनॅमलवर जर कडक थिनरचा रंग मारला तर खालचा रंग फुगून सुरकुत्या येतात आणि सगळं परत खरवडायला लागतं. माझ्याकडे एनसी निघाला, त्यावर टर्पेंटाइनमधलं इनॅमल चालतं.

आणि गंज. तो दातातल्या किडीसारखा असतो, बाहेर टिकलीएवढा ठिपका आणि आत पोकळ. डाव्या मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात जरासा फुगवटा होता, म्हणून खरवडायला घेतलं, तर लांबीचा, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीचा, बोटभर जाड थर निघाला. लांबीला पाणी सोसवत नाही, ती ओल शोषून घेते, आणि इथं तर मागून भोक उघडं. लांबी पडली आणि तिच्या मागून पेपरचा बोळा बाहेर आला. मराठी पेपर, भिजून भिजून पिवळा-काळा झालेला. कधीतरी कुठल्यातरी गॅरेजमध्ये कुणीतरी त्या भोकात पेपर कोंबून वर लांबी थापून घासून रंग मारून गाडी दिली होती, पैसे घेतले होते, आणि वडील समाधानानं ती घेऊन घरी आले असतील. तो बोळा मी हातात घेतला तेव्हा खूप वाईट वाटलं. बाहेरून चकचकीत दार आणि आत इतकी वर्षं पाणी पिणारा कागद. स्वतः करण्याचं सगळ्यात मोठं कारण मला विचाराल तर हे आहे. आपण केलं की आत काय आहे ते आपल्याला माहीत असतं.

तो सडलेला भाग कापून नवीन पत्रा गॅस वेल्डिंगनं लावून घेतला, ते मात्र वेल्डरकडून, ते काम शिकल्याशिवाय करू नये. दारांच्या तळाशी पाणी जायला छोटी भोकं असतात, ती माती आणि पाल्यानं बुजलेली असतात आणि दार आतून सडतं, ती सगळी तारेनं मोकळी केली. स्टेपनीच्या खाली पण तेच. ज्यांच्याकडे कुठलीही जुनी गाडी आहे त्यांनी हे पत्र वाचून झालं की खाली जाऊन ही भोकं बघावीत, पाच मिनिटांचं काम आहे. आणि पावसाळ्यात गाडीवर ताडपत्री किंवा प्लास्टिक घट्ट बांधू नका, आतली वाफ बाहेर जात नाही आणि उघड्या गाडीपेक्षा झाकलेली लवकर गंजते.

उघड्या पत्र्यावर पहिला हात इपॉक्सी प्रायमरचा. आपल्याकडे ग्रीलला मारतात तो रेड ऑक्साइड सगळे सुचवतात, पण गाडीच्या पत्र्याला इपॉक्सी जास्त चांगला धरतो आणि पाणी आत जाऊ देत नाही. त्याच्यावर लांबी, तीही पातळ, खड्डा भरेल एवढीच. लांबी कोरडीच घासायची, पाणी लावायचं नाही. आधी ८० नंबरचा सँडपेपर, मग १८०, मग ३२०.

इथं मला आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका मेस्त्रींचा खूप उपयोग झाला, आयुष्यभर गाड्या रंगवलेला माणूस, आता दम लागतो म्हणून काम सोडलेलं. येता-जाता थांबायचे. पहिल्यांदा दारावरनं हात फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, इथं अजून पोट आहे पत्र्याला." मी वाकून वाकून बघितलं, मला काही दिसेना. म्हणाले, "डोळ्यानं नका बघू, तळवा सपाट ठेवा आणि डोळे मिटा." आणि खरोखर, डोळे मिटून तळवा सावकाश ओढला की मधे जरा वर येऊन परत खाली जातो ते कळतं. मग त्यांनी पेन्सिल मागितली, सगळ्या दारावर तिरक्या रेघोट्या मारल्या आणि लाकडाच्या सपाट ठोकळ्याला सँडपेपर गुंडाळून घासायला सांगितलं. उंच भागावरच्या रेघा आधी जातात, खड्ड्यातल्या राहतात. जिथं राहिल्या तिथं परत थोडी लांबी. शेवटची रेघ पुसली जाईपर्यंत थांबायचं नाही. एका दाराला किती वेळ जातो विचारू नका, पण त्या दारावर संध्याकाळचं ऊन पडलं आणि समोरच्या बिल्डिंगची कडा त्यात न वाकता सरळ दिसली की हात दुखायचे राहतात.

रंग मी स्प्रे गननं मारला नाही, आणि घरी करणाऱ्या प्रत्येकाला कळकळीनं सांगतो की पीयू रंग घरी गननं मारूच नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, त्याचा धुरळा छातीत गेला की कायमचा दमा लागू शकतो, आणि आपण मेडिकलमधून आणतो तो मास्क काय, साधा कार्ट्रिजचा मास्क पण त्याला पुरा पडत नाही, बाहेरून ताज्या हवेची नळी असलेला मास्क लागतो. मेस्त्रींची छाती कशानं गेली ते डॉक्टर सांगतील, पण तोंडाला रुमाल बांधून त्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय आणि आजही शहरातल्या कितीतरी छोट्या गॅरेजमध्ये पोरं तशीच काम करतायत. यावर तुमच्या पेपरानं खरंच एकदा मोठी बातमी करावी. जुना रंग घासताना पण कोरडा घासू नका, पूर्वीच्या रंगांमध्ये शिसं असायचं, घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली. पाणी लावून वॉटर पेपरनं घासायचं, ते पाणी गटारात न सोडता गोणपाटावर गाळून घ्यायचं, आणि लहान मुलांना लांब ठेवायचं.

मी साधं सिंथेटिक इनॅमल घेतलं, टर्पेंटाइन घालून चांगलं पातळ केलं आणि चार इंची फोमच्या रोलरनं लावलं. रोलरनं गाडी रंगवतात हे ऐकून लोक चमकतात. पण ही जगभर माहीत असलेली पद्धत आहे, शेजारच्यांच्या गाड्यांवर धुरळा उडत नाही, कॉम्प्रेसरचा आवाज नाही, आणि लागतं फक्त धीर. एक पातळ हात लावायचा, इतका पातळ की पहिल्या दोन हातांत खालचं सगळं दिसतं आणि पोटात गोळा येतो. रोलर फिरवल्यावर बुडबुडे येतात, लगेच फोमच्या ब्रशचं टोक अलगद ओढलं की बसतात. रात्रभर सुकू द्यायचं. दोन हात झाले की ६०० नंबरच्या वॉटर पेपरनं हलकं घासायचं, परत दोन हात, परत घासायचं. अशा गाडीला बाहेरून ३ लिटरच्या आसपास रंग पुरतो. बेजचा डबा तयार मिळाला नाही, पांढऱ्यात गोल्डन ब्राऊन थोडं थोडं घालत डिकीच्या झाकणाच्या आतल्या जुन्या रंगाशी जुळवला. इनॅमल सुकल्यावर जरा गडद होतं म्हणून प्रत्येक वेळी पत्र्याच्या तुकड्यावर लावून, सुकवून, मगच बघायचं, आणि जुळला की पूर्ण गाडीचा रंग एकदमच कालवून ठेवायचा.

हवामान सांभाळावं लागतं. आमच्या इथं पावसाळ्यात हे काम करायचंच नाही, इनॅमल हवेतल्या ऑक्सिजननं पक्कं होतं आणि दमट हवेत ते रेंगाळतं, एनसी रंगाला तर ओलीनं पांढरी झाक येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. त्यातही सकाळी दव सुकल्यावर सुरू करून ऊन उतरायच्या आत हात थांबवायचा, नाहीतर संध्याकाळी दिव्याला येणारी चिलटं रंगात बसतात आणि रात्री दव पडलं की चमक जाते. जमिनीवर पाणी शिंपडायचं म्हणजे धूळ उडत नाही. आणि एक महत्त्वाचं, रंगाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आतून तापून पेट घेऊ शकतात, दोरीवर पसरून वाळवा आणि मग टाका. सगळा रंग झाल्यावर काही आठवडे गाडी तशीच ठेवायची, पूर्ण कडक होऊ द्यायचा, मग १०००, १५००, २००० नंबरचा पेपर, रबिंग आणि शेवटी पॉलिश.

हे सगळं पार्किंगमध्ये चाललेलं असताना सुरुवातीला तक्रार झाली, साहजिक आहे, वास येतो, घाण दिसते. कमिटीला मी लिहून दिलं की गन वापरणार नाही, रात्री काम नाही, जागा रोज धुऊन देणार, आणि ते पाळलं. मग हळूहळू लोक थांबायला लागले. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी तर खुर्ची टाकून बसायला सुरुवात केली, त्यांचे मोठे भाऊ कुर्ल्याला प्रीमियरमध्ये होते, ते पहाटेच्या लोकलचं, कँटीनचं, दिवाळीच्या बोनसचं सांगायचे. दहावीचा एक मुलगा सुट्टीच्या दिवशी येऊन एक अख्खं दार त्यानं एकट्यानं घासलं, आणि आता रस्त्यावरची कुठलीही गाडी बघितली की तो तिच्या पत्र्याकडे बघतो, मला येऊन सांगतो, काका त्या व्हॅगनआरचं उजवं दार परत रंगवलेलं आहे. माझी मुलगी पुण्याहून आली तेव्हा दोन दिवस हातात रोलर घेऊन माझ्याबरोबर उभी होती, बाबा तुम्ही कडेला रंग जास्त लावताय, पातळ करा, असं मला सांगत होती, आणि तिचं बॉनेट माझ्या छतापेक्षा चांगलं आलंय.

प्रदूषणाचं काय, असं त्या पत्रलेखकांनी विचारलंय. प्रश्न रास्त आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, आपल्याकडे नव्या पेट्रोल गाड्यांना चार महानगरांत १९९५ पासून सक्तीचा झाला, त्याआधीच्या गाड्यांत तो नाही, त्यामुळे दर किलोमीटरला ही गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते हे मी मान्य करतो. म्हणूनच मी ती रोज ऑफिसला नेत नाही, रविवारी सकाळी काढतो, पीयूसी वेळेवर, कार्बोरेटर नीट लावून घेतलेला. रोज पन्नास किलोमीटर ट्रॅफिकमध्ये एकट्यानं बसून चालवलेली नवी गाडी आणि महिन्यातून चार वेळा बाहेर पडणारी जुनी गाडी, यांचा वर्षाचा हिशोब एकाच तागडीत घालून बघा. शिवाय नवी गाडी बनवायला पण पोलाद, काच, रबर, वीज लागतेच. दिल्लीत १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा आदेश झाला तो दिल्ली-एनसीआरपुरता. महाराष्ट्रात तशी बंदी नाही, आणि २०२१ मध्ये जाहीर झालेली स्क्रॅप पॉलिसीसुद्धा खाजगी गाडीचं नुसतं वय बघत नाही, फिटनेस बघते. ज्याची गाडी फिटनेसमध्ये पास होते तिला भंगार म्हणायचा अधिकार कुणालाच नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी मागणी मोठी नाही. पासिंगला गाडी नेली की वय बघून कपाळाला आठ्या न घालता ब्रेक, स्टिअरिंग, लायटी, पत्रा बघावा आणि पास-नापास सांगावं. आयटीआयमध्ये ऑटो बॉडी पेंटिंगचा ट्रेड आहे, तिथं रविवारी एखादी शेड फी घेऊन गाडीमालकांना वापरू दिली तर मुलांना सरावाला खऱ्या जुन्या गाड्या मिळतील आणि आमच्यासारख्यांना धूळ नसलेली, हवा खेळती असलेली जागा. आणि तुमच्या रविवारच्या पुरवणीत व्हिंटेज रॅलीचे फोटो येतात तसे कधीतरी साध्या गाड्यांचे पण येऊ द्या, एखादी ८४ ची मारुती ८००, एखादी काँटेसा, एखादी मटाडोर, ज्या कुणीतरी स्वतः उभ्या राहून रंगवल्यात. अशी माणसं महाराष्ट्रात गावोगाव आहेत, नाशिकला, सांगलीला, कोल्हापूरला तर नक्कीच, त्यांना वाटतं आपण एकटेच आहोत.

जाता जाता एक विनंती. माझ्या गाडीच्या डाव्या मागच्या दाराची क्रोमची बीडिंग काढताना जुन्या गंजामुळं तुटली आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्यात, सगळीकडे विचारून झालं, मिळत नाही. कुणा वाचकाकडे ११८ एनईची ती पट्टी जुन्या सामानात पडून असेल, किंवा अख्खी गाडीच उभी असेल आणि ती भंगारात द्यायचा विचार चालू असेल, तर कृपया आधी तुमच्या कार्यालयात कळवावं, मी स्वतः येऊन बघेन. अख्खी गाडी असेल तर तिच्या दारांखालची भोकं मोकळी करायला तार बरोबर आणेन.

आपला,
एक नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)